संगणकाने न ओळखलेली बाह्य हार्ड डिस्क : कारणे, तपासणी आणि माहितीचे जतन

कुटुंबातील विवाहसोहळ्यांची छायाचित्रे, दिवंगत आईवडिलांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, संशोधकाचा अर्धवट प्रबंध, लहान व्यावसायिकाचे कित्येक वर्षांचे हिशेब अशी अनेक प्रकारची माहिती आज बाह्य हार्ड डिस्कमध्ये साठवलेली असते. तळहातावर मावणारी ही डबी एरवी महिनोन्‌महिने कपाटात पडून असते. एखाद्या दिवशी ती संगणकाला जोडली असता पडद्यावर काहीही उमटत नाही, किंवा डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करावी लागेल, अशी सूचना दिसते. अशा वेळी मूळ बिघाडापेक्षा घाईने केलेल्या उपायांमुळेच माहिती कायमची नष्ट होण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे तपासणी कोणत्या क्रमाने करावी आणि कोठे थांबावे, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

डिस्कची रचना

जगातील पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणली. रॅमॅक या संगणकासाठी तयार केलेल्या त्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. आजच्या बाह्य डिस्कची क्षमता त्याच्या लाखो पटींनी अधिक असली, तरी मूळ तत्त्व बदललेले नाही. चुंबकीय लेप असलेल्या चकत्या मिनिटाला साधारण ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या या वेगाने फिरतात आणि वाचन-लेखन करणारी शीर्षे त्यांच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत राहतात. धुळीचा एखादा कणही या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो.

बाह्य डिस्क ही एकसंध वस्तू वाटत असली, तरी तिचे तीन भाग कल्पिता येतात. पहिला भाग म्हणजे प्रत्यक्ष हार्ड डिस्क. दुसरा भाग म्हणजे डिस्कची भाषा यूएसबीच्या भाषेत रूपांतरित करणारे छोटे सर्किट, ज्याला तंत्रज्ञ ब्रिज बोर्ड म्हणतात. तिसरा भाग म्हणजे डिस्कवर लिहिलेली व्यवस्था, अर्थात विभागांची नोंद आणि फाइल प्रणाली. कोणती फाइल चकतीवर नेमकी कोठे आहे, याची अनुक्रमणिका या तिसऱ्या भागात असते. ग्रंथालयातील सूचीपत्रे हरवली म्हणून पुस्तके नाहीशी होत नाहीत. त्याचप्रमाणे अनुक्रमणिका बिघडली तरी माहिती बहुधा जागेवरच असते. मात्र त्याच जागी नवे लेखन झाले, तर ती परत मिळवता येत नाही.

पहिली खबरदारी

या कारणास्तव तपासणीचा एक साधा नियम पाळावा. डिस्कवर काहीही न लिहिणारे उपाय आधी करावेत आणि लेखन करणारे उपाय माहितीची प्रत हाती आल्यानंतरच करावेत. केबल बदलणे, दुसरा संगणक वापरणे किंवा डिस्कची यादी पाहणे यांमुळे माहितीला धोका नसतो. याउलट फॉरमॅट करणे, इनिशिअलाइज करणे, नवा विभाग तयार करणे आणि दुरुस्तीची आज्ञा चालवणे ही सर्व कामे डिस्कवर लेखन करतात.

संगणकाने फॉरमॅट करण्याविषयी विचारल्यास ‘कॅन्सल’ हाच पर्याय निवडावा. ही सूचना म्हणजे डिस्क रिकामी असल्याचे प्रमाण नव्हे. समोर आलेली फाइल प्रणाली आपल्याला वाचता येत नाही, एवढेच संगणक त्यातून सांगत असतो.

डिस्क जोडल्यावर प्रथम तिचा आवाज ऐकावा आणि दिवा पाहावा. चकती फिरू लागल्याचा हलका, एकसारखा आवाज आणि हाताला जाणवणारे बारीक कंपन ही शुभ लक्षणे होत. ठरावीक अंतराने टक्‌टक्‌ असा आवाज येत असल्यास शीर्षांना चकतीवरील खुणा सापडत नसण्याची शक्यता असते. बारीक शिट्टीसारखा ‘बीप’ आवाज येत असल्यास मोटार फिरू शकत नाही, असे समजावे. पुरेशी वीज मिळत नसणे किंवा शीर्षे चकतीला चिकटणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. टक्‌टक्‌ वा घासल्याचा आवाज येत असेल, किंवा डिस्क नुकतीच खाली पडली असेल, तर पुढील कोणताही प्रयोग न करता ती तत्काळ बंद करावी.

केबल, जोडणी आणि वीज

आवाज नेहमीचा असल्यास किंवा अजिबात आवाज नसल्यास प्रथम केबल तपासावी. अनेक बाह्य डिस्कमध्ये मायक्रो-बी प्रकारची रुंद, दोन भागांची पिन असते. वारंवार काढघाल केल्याने ती सैल होते व वरवर घट्ट दिसूनही आतील संपर्क तुटतो. येथे एक सोपी चाचणी करता येते. या खाचेच्या मोठ्या भागात मोबाइलची जुनी साधी मायक्रो-यूएसबी केबल बसते आणि डिस्क यूएसबी २.० च्या कमी वेगाने चालू शकते. त्या केबलने डिस्क दिसू लागली, तर दोष बहुधा मूळ केबलमध्ये किंवा जोडणीच्या दुसऱ्या भागात आहे, असा निष्कर्ष काढता येतो. मात्र काही मोबाइल केबलमध्ये केवळ चार्जिंगच्याच तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात. त्यामुळे ज्या केबलवरून फाइलींची देवाणघेवाण झालेली आहे, तीच केबल या चाचणीसाठी वापरावी.

त्यानंतर विजेचा विचार करावा. यूएसबी २.० च्या मानकानुसार एका पोर्टमधून ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअर, तर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूएसबी ३.० मानकानुसार ९०० मिलिअँपिअर वीज मिळते. मोटार सुरू होण्याच्या क्षणी डिस्कला सर्वाधिक वीज लागते. जुना लॅपटॉप, स्वतःचा अॅडॉप्टर नसलेले यूएसबी हब किंवा लांब केबल यांमुळे तेवढी वीज पोचत नाही आणि डिस्क पुन्हा पुन्हा सुरू होऊन बंद पडते. डेस्कटॉप संगणकाच्या दर्शनी बाजूची पोर्ट आतील बारीक तारांनी मदरबोर्डला जोडलेली असतात. त्यामुळे डिस्क हबमधून न जोडता थेट मागील पोर्टला जोडून पाहावी.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र अॅडॉप्टर लागतो. या बाबतीत विशेष सावधगिरी बाळगावी. घरातील लॅपटॉपच्या अॅडॉप्टरची पिन काही वेळा त्याच खाचेत बसते. परंतु त्याचा दाब साधारण १९ व्होल्ट असतो आणि त्यामुळे डिस्कचे सर्किट जळू शकते. अॅडॉप्टरवर छापलेला दाब व ध्रुवतेची खूण डिस्कवरील माहितीशी ताडून पाहिल्याशिवाय तो जोडू नये.

यानंतर शक्यतो दुसऱ्या संगणकावर डिस्क जोडून पाहावी. तेथे ती दिसल्यास दोष पहिल्या संगणकात आहे, असे समजून प्रथम आवश्यक माहितीची प्रत करून घ्यावी आणि मगच पहिल्या संगणकाची दुरुस्ती हाती घ्यावी.

विंडोजमधील तपासणी

डिस्क फाइल एक्स्प्लोररमध्ये दिसत नाही, याचा अर्थ ती संगणकाला दिसत नाही, असा होत नाही. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे आढळणाऱ्या स्थितीवरून बिघाडाचे स्वरूप बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

डिस्क व तिचा विभाग व्यवस्थित दिसत असूनही त्याला अक्षर दिलेले नसेल, तर ‘चेंज ड्राइव्ह लेटर’ या पर्यायातून नवे अक्षर द्यावे. कार्यालयीन संगणकांवर नेटवर्कमधील सामायिक फोल्डरने तेच अक्षर घेतलेले असल्यास असा प्रकार घडतो. हा उपाय निर्धोक आहे. डिस्क ‘ऑफलाइन’ दिसत असल्यास तिच्यावर उजवी क्लिक करून ती ऑनलाइन करता येते. एका डिस्कची तंतोतंत नक्कल केल्यानंतर मूळ डिस्क व नक्कल एकाच वेळी जोडल्यास दोघींची ओळखखूण सारखी असल्याने ही स्थिती उद्भवते.

विभाग दिसत असून फाइल प्रणालीच्या जागी ‘रॉ’ असे लिहिलेले असेल, तर अनुक्रमणिका बिघडली आहे किंवा ती विंडोजला अपरिचित आहे. डिस्क ‘नॉट इनिशिअलाइज्ड’ असल्याचे सांगून ती इनिशिअलाइज करण्याची परवानगी मागितली गेल्यास ती देऊ नये. त्यामुळे विभागांची जुनी नोंद पुसली जाऊन नवी लिहिली जाते. डिस्कची क्षमता शून्य किंवा भलतीच दाखवली जात असेल, तर दोष ब्रिज बोर्डात किंवा प्रत्यक्ष डिस्कमध्ये असण्याची शक्यता अधिक असते.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये काहीच न दिसल्यास ‘डिव्हाइस मॅनेजर’ पाहावे. तेथे पिवळ्या खुणेसह ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ अशी नोंद असल्यास ती अनइन्स्टॉल करून, केबल काढून संगणक पुन्हा सुरू करावा आणि नंतर डिस्क जोडावी. चालक प्रणाली, म्हणजे ड्रायव्हर, नव्याने बसवली जाते व माहितीला कोणताही धोका पोचत नाही. काही लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट झोपी घालतात. ‘यूएसबी रूट हब’च्या गुणधर्मांतील वीजबचतीचा पर्याय बंद केल्यास हा दोष दूर होतो.

मॅक, लिनक्स आणि फाइल प्रणालीतील भेद

अनेकदा डिस्कमध्ये कोणताही बिघाड नसतो. केवळ दोन संगणकांची लिपी भिन्न असते. मॅकवर एपीएफएस किंवा एचएफएस प्लस या प्रणालीत तयार केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही आणि ती फॉरमॅट करण्याची सूचना विंडोज देते. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरील फाइली मॅकवर वाचता येतात, मात्र जादा सॉफ्टवेअरशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. दोन्हीकडे वापरण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली एक्सफॅट प्रणाली सोयीची ठरते. लिनक्सच्या मूळ गाभ्यात तिचा समावेश २०१९ मध्ये झाला. डिस्क दुसऱ्याकडून आलेली असल्यास ती कोणत्या संगणकावर तयार केली होती, हा प्रश्न सर्वप्रथम विचारावा.

मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’ उघडून ‘शो ऑल डिव्हाइसेस’ हा पर्याय निवडल्यास विभागांसह संपूर्ण डिस्क दिसते. पूर्वी केबल घाईने ओढून काढली असल्यास मॅक पुढील जोडणीच्या वेळी पडद्यामागे डिस्कची तपासणी करतो आणि ती पूर्ण होईपर्यंत डिस्क दिसत नाही. मोठ्या डिस्कच्या बाबतीत यास बराच वेळ लागू शकतो. त्यामुळे काही काळ वाट पाहणे हिताचे असते. लिनक्सवर एनटीएफएस डिस्क उघडत नसल्यास विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ सुविधेमुळे डिस्क अर्धवट वापरात राहिली असण्याची शक्यता असते. तीच डिस्क विंडोजला जोडून योग्य रीतीने बाहेर काढल्यास प्रश्न सुटतो.

जुन्या संगणकांच्या बाबतीत आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी. एमबीआर या जुन्या विभागनोंदीत साधारणतः २ टेराबाइटपलीकडील जागा मोजता येत नाही, तर जीपीटी ही नवी नोंद विंडोज एक्सपीच्या ३२ बिट आवृत्तीला वाचता येत नाही. शाळा, ग्रंथालये वा छोट्या कार्यालयांत असे संगणक अद्याप वापरात असल्यास मोठी नवी डिस्क तेथे न दिसणे स्वाभाविक आहे.

आधी प्रत, मग दुरुस्ती

अनुक्रमणिका खरोखरच बिघडली असल्यास अनेक जण विंडोजची ‘चेकडिस्क’ ही आज्ञा दुरुस्तीच्या पर्यायासह चालवतात. निरोगी डिस्कवरील किरकोळ दोषांसाठी ती उपयुक्त आहे. परंतु डिस्कचे काही भागच वाचता येत नसतील, तर ही आज्ञा विसंगत वाटणाऱ्या नोंदी कापून टाकते आणि वाचवता आल्या असत्या अशा फाइलींचे तुकडे होतात. मॅकच्या ‘फर्स्ट एड’ सुविधेलाही हेच लागू पडते.

अशा प्रसंगी योग्य मार्ग म्हणजे संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या, तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेच्या डिस्कवर उतरवणे आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करणे. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मुक्त सॉफ्टवेअर यासाठी नावाजलेले आहे. ते सहज वाचता येणारे भाग आधी उतरवते, अडचणीचे भाग शेवटी ठेवते आणि झालेल्या कामाची नोंद ठेवत असल्याने मध्येच थांबलेले काम पुढे चालू करता येते. मात्र आज्ञा देताना मूळ डिस्क कोणती व नवी कोणती, यात गल्लत झाल्यास मूळ माहितीवरच लेखन होते. या कामाचा सराव नसणाऱ्यांनी जाणकाराला शेजारी बसवूनच ते करावे.

प्रतिमा तयार झाल्यावर टेस्टडिस्क हे मुक्त सॉफ्टवेअर हरवलेले विभाग शोधते, तर त्याच संचातील फोटोरेक अनुक्रमणिकेकडे दुर्लक्ष करून फाइलींच्या प्रारंभीच्या खुणांवरून छायाचित्रे, चित्रफिती व दस्तऐवज वेचून काढते. फोटोरेकने मिळवलेल्या फाइलींना बहुधा मूळ नावे राहत नाहीत, त्यामुळे वर्गीकरणाचे काम नंतर हाताने करावे लागते. मिळालेल्या फाइली त्याच नादुरुस्त डिस्कवर कधीही साठवू नयेत.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ असे संबोधले जाते. बदललेल्या खंडांची आणि वाचनासाठी प्रलंबित असलेल्या खंडांची संख्या वाढत असल्यास डिस्कचे आयुष्य संपत आले, असे मानावे. परंतु ही नोंद निर्दोष असणे म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार, निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये महत्त्वाच्या चार निदर्शकांपैकी एकानेही आधी इशारा दिलेला नव्हता.

प्रयोगशाळेकडे केव्हा जावे

डिस्कमधून वेगळा आवाज येणे, ती पडलेली वा भिजलेली असणे, जळका वास येणे, किंवा वाचनाचा वेग अतिशय मंदावून संगणक गोठणे या परिस्थितीत माहिती परत मिळवणाऱ्या व्यावसायिक प्रयोगशाळेचा सल्ला घ्यावा. तेथे धूळविरहित कक्षात शीर्षे बदलण्याची व्यवस्था असते. डिस्क सोपवण्यापूर्वी तपासणीचे शुल्क, माहिती न मिळाल्यास आकारली जाणारी रक्कम आणि गोपनीयतेची हमी या बाबी लेखी घ्याव्यात. डिस्कची वॉरंटी साधारणतः यंत्र बदलून देण्यापुरती असते. तिच्यातील माहितीची जबाबदारी उत्पादक स्वीकारत नाहीत. डिस्क बदलून घेतल्यास जुनी डिस्क परत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

या संदर्भात काही उपाय लोकांमध्ये प्रचलित आहेत. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवल्यास ती सुरू होते, हा त्यांपैकी एक. प्रत्यक्षात बाहेर काढल्यावर आत दव जमते आणि चकतीची हानी होते. डिस्कवर टिचक्या मारणे किंवा घरच्या घरी तिचे झाकण उघडणे हेही तितकेच घातक आहे. दुसऱ्या डिस्कचे सर्किट बसवण्याचा उपाय पूर्वी काही वेळा यशस्वी होत असे. आजच्या डिस्कमध्ये मात्र प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्रपणे जुळवलेली माहिती सर्किटवरील चिपमध्ये असते आणि ती हलवल्याशिवाय नवे सर्किट निरुपयोगी ठरते.

डिस्क बाहेरील वेष्टनातून काढून थेट संगणकाला जोडण्याचा मार्ग केवळ ब्रिज बोर्ड निकामी झाले असल्यास उपयोगी पडतो. परंतु काही डिस्कमध्ये यूएसबीची खाच मूळ सर्किटवरच जोडलेली असते, तर काहींमध्ये ब्रिज बोर्ड सर्व माहिती सांकेतिक स्वरूपात लिहिते आणि त्याच्याविना ती वाचता येत नाही. डिस्क बिटलॉकरने सुरक्षित केलेली असल्यास परवलीचा शब्द किंवा ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक आवश्यक असतो. तो डिस्कवरच न ठेवता कागदावर लिहून अन्यत्र जपून ठेवावा.

पुढील काळासाठी

विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून बाह्य डिस्क झटपट काढता यावी, अशी रचना मुळातच लागू आहे. तरीही लेखन सुरू असताना केबल ओढल्यास किंवा वीजपुरवठा खंडित झाल्यास अनुक्रमणिका बिघडू शकते. त्यामुळे ‘इजेक्ट’ करूनच डिस्क काढण्याची सवय ठेवावी. वीज वारंवार जाणाऱ्या भागांत डेस्कटॉप संगणक व मोठी डिस्क यूपीएसवर ठेवणे इष्ट ठरते. चकती फिरत असताना डिस्क उचलू किंवा उलटी करू नये.

तथापि खरा उपाय हा बिघाडापूर्वीच करावयाचा असतो. माहितीच्या तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर, हे सूत्र जगभर मान्यता पावले आहे. शैक्षणिक प्रमाणपत्रे, वाहन परवाना यांसारखी कागदपत्रे केंद्र सरकारच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकर सेवेतून पुन्हा मिळू शकतात. परंतु घरगुती छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे यांची दुसरी प्रत कोणत्याही कार्यालयात नसते. त्यामुळे प्रतींमध्ये त्यांना अग्रक्रम द्यावा. बॅकअपची डिस्क सतत संगणकाला जोडून ठेवू नये. मे २०१७ मधील वॉनाक्राय हल्ल्यासारख्या खंडणीखोर विषाणूंच्या प्रसंगी जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद होतात.

मूळ संगणकावरील फाइली पुसून त्या केवळ बाह्य डिस्कवर ठेवल्या, तर तिला बॅकअप म्हणता येत नाही; ती त्या माहितीची एकमेव प्रत असते. ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येते ती डिस्क बंद पडल्यावरच. वर्षातून निदान दोनदा प्रत्येक डिस्क जोडून काही फाइली उघडून पाहाव्यात आणि डिस्कवर तिच्या खरेदीची तारीख व फाइल प्रणाली लिहिलेली चिठ्ठी लावावी. निकामी झालेली डिस्क भंगारात न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तत्पूर्वी त्यातील खासगी माहिती दुसऱ्याच्या हाती पडणार नाही, याची खातरजमा करून घ्यावी.